बांगडा, सुरमई आणि कुपा : एका मत्स्यकुलाचा परिचय

नांदेड हे गोदावरीच्या काठचे शहर असले तरी समुद्र येथून फार दूर आहे. पश्चिमेस मुंबईचा किनारा साडेपाचशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे, आणि पूर्वेस जिकडे गोदावरी वाहत जाते तो आंध्रचा किनाराही जवळ नाही. साहजिकच या भागातील मासळीबाजारात गोड्या पाण्यातील माशांना पहिले स्थान आहे. रोहू, कटला, मृगळ, मरळ, वाम ही नावे नांदेड-लातूरच्या लोकांच्या नित्य परिचयाची आहेत. समुद्राचा मासा येथे पूर्वी येई तो सुकट आणि सुके बोंबील या रूपाने. रस्ते, रेल्वे व बर्फाच्या सोयी वाढल्या तसा बर्फातील बांगडा, सुरमई आणि क्वचित कुपाही मराठवाड्यातील शहरांत दिसू लागला. मासा आला, परंतु त्याच्याविषयीची माहिती मात्र माशाबरोबर आली नाही. किनाऱ्यावरील कोळी भगिनी जो मासा दुरून ओळखते, तो येथे केवळ विक्रेता सांगेल त्या नावाने विकत घ्यावा लागतो.

बांगडा, सुरमई आणि कुपा हे तीनही मासे एकाच कुलातील आहेत, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. प्राणिशास्त्रात या कुलास स्काँब्रिडी असे नाव आहे. एखादा मासा कोणत्या कुलातील, हा प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकातील आहे असे वाटण्याचा संभव आहे. तथापि माशाची खरेदी, त्याच्या मासेमारीवरील निर्बंध आणि तो खाणाऱ्याचे आरोग्य, या तीनही बाबतींत त्याचे उत्तर उपयोगी पडते. म्हणून शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी हा परिचय येथे करून देत आहोत. प्रस्तुत लेखक विज्ञानशाखेचा पदवीधर नाही. त्यामुळे परिभाषेचा बोजा शक्य तितका कमी ठेवला आहे.

नावामागील नाव

बांगड्याचे शास्त्रीय नाव रास्ट्रेलिगर कानागुर्टा. प्रथम ऐकताना ते परके वाटते, पण त्यातील दुसरा शब्द आपल्या शेजारचाच आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट हे तालुके तेलंगणाला लागून असल्याने तेथे तेलुगू कानावर पडतेच. 'कानागुर्टा' हे तेलुगू मासेमारांच्या तोंडचे नाव आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील पॅट्रिक रसेल या वैद्य व निसर्गाभ्यासकाने विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर दोनशे माशांची वर्णने व चित्रे तयार करविली. ती १८०३ मध्ये लंडनहून दोन खंडांत प्रसिद्ध झाली. रसेलने माशांची स्थानिक नावे जशी ऐकली तशी लिहून ठेवली. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिये याने १८१६ मध्ये या माशाचे शास्त्रीय नामकरण केले, तेव्हा रसेलने टिपलेले तेलुगू नावच कायम ठेवले. आज जगातील कोणत्याही देशातील मत्स्यशास्त्रज्ञ बांगड्याचा उल्लेख या तेलुगू शब्दानेच करतो.

नावातील पहिला शब्द, रास्ट्रेलिगर, लॅटिन आहे. त्याचा अर्थ दंताळे धारण करणारा. बांगड्याचे तोंड उघडून पाहिले तर आत कल्ल्यांच्या कमानीवर लांब, बारीक, पिसांसारखे काटे दाट बसविलेले दिसतात. शेतकरी दंताळ्याने काडीकचरा ओढतो त्याप्रमाणे हा मासा पाण्यातील सूक्ष्म जीव या काट्यांनी गाळून घेतो. हे दंताळे पाहण्यास शाळेत भिंगाचीही गरज नाही.

स्थानिक नावे शास्त्राने उचलल्याची उदाहरणे याखेरीजही आहेत. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ मध्ये गंगा नदीच्या माशांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या तलावांत वाढणारे रोहू, कटला आणि मृगळ त्यात रोहिता, कटला, मृगला या नावांनी नोंदले गेले. दख्खनच्या माशांचे काम कर्नल विल्यम साइक्स याने केले. मुंबई इलाख्याच्या सरकारसाठी सांख्यिकी माहिती गोळा करणारा हा अधिकारी पुण्याच्या मुळा-मुठेपासून भीमेपर्यंतचे मासे पाहत असे. १८३९ मध्ये त्याने ज्या नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली, त्यांतील खुद्री, कोळस, नुक्टा ही नावे सरळसरळ येथील बोलीतून आलेली आहेत. सरकारी नोकरीत राहून, दौऱ्यावर असता, लोकांना नावे विचारून केलेले हे काम आहे. दप्तराच्या कामातून शास्त्राला कशी भर पडू शकते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

वर्गीकरणाची उतरंड

ज्यांना महसुली दप्तराचा परिचय आहे त्यांना वर्गीकरण समजावून सांगणे सोपे जाते. एखादी जमीन दाखवावयाची तर जिल्हा, तालुका, मंडळ, सज्जा, गाव आणि शेवटी गट क्रमांक अशा क्रमाने आपण खाली उतरतो. गट क्रमांक १२ हजारो गावांत असू शकतो, पण गावाचे नाव जोडले की तो एकच राहतो. प्राणिशास्त्रातही संघ, वर्ग, गण, कुल, वंश आणि जाती अशी उतरंड आहे. गाव आणि गट क्रमांक मिळून जसा निश्चित निर्देश होतो, तसा वंश आणि जाती या दोन शब्दांनी प्राण्याचा निर्देश होतो. स्वीडनचा कार्ल लिनीयस याने १७५८ च्या आपल्या ग्रंथात प्राण्यांसाठी ही द्विनाम पद्धती सर्वत्र वापरली, आणि प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची गणना त्या वर्षापासून होते.

बांगड्यापुरते सांगावयाचे तर संघ रज्जुमान, वर्ग किरणपर मत्स्यांचा, गण स्काँब्रिफॉर्मिस, कुल स्काँब्रिडी, वंश रास्ट्रेलिगर आणि जाती कानागुर्टा. किरणपर मत्स्य म्हणजे ज्यांचा सांगाडा हाडांचा आहे आणि ज्यांचे पर छत्रीच्या काड्यांप्रमाणे किरणांवर ताणलेले आहेत असे मासे. आपण खातो त्यांपैकी बहुतेक मासे याच वर्गातील आहेत. मुशी आणि पाकट यांचा सांगाडा कूर्चेचा असल्याने ते वेगळ्या वर्गात जातात.

शास्त्रीय नावापुढे पुष्कळदा एखाद्या व्यक्तीचे नाव व वर्ष लिहिलेले असते, आणि कधी ते कंसात असते, कधी नसते. हा कंस मुद्रणातील हौस नव्हे. बांगड्याच्या नावापुढे 'क्युव्हिये, १८१६' हे कंसात लिहितात, कारण क्युव्हियेने ही जाती स्काँबर या वंशात घातली होती व नंतर ती रास्ट्रेलिगर या वंशात हलविण्यात आली. मूळ वंश बदलला की कंस येतो. फेरफार नोंदवहीतील नोंदीचे जे काम, तेच या कंसाचे. कटल्याचा वंश तर एकाहून अधिक वेळा बदलला आहे. जुन्या पुस्तकांत तो 'कटला कटला' असा आढळेल, अलीकडच्या पुस्तकांत तो रोहूच्या लेबिओ या वंशात दिसेल. मासा तोच आहे, आणि त्याचे जातिनामही तेच आहे.

कुलाची लक्षणे

स्काँब्रिडी कुलात १५ वंश आणि पन्नासहून अधिक जाती आहेत. या सर्वांची शरीरे चातीसारखी, म्हणजे मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळती असतात. पाठीवर दोन पर असतात, आणि पोहताना पुढील पर पाठीवरील खाचेत मिटून बसतो. या कुलाची खरी खूण मात्र शेपटीकडे आहे. मागील पृष्ठपर आणि त्याखालील गुदपर यांच्या मागे, शेपटीपर्यंत, छोट्या छोट्या सुट्या परांची एक रांग वर व एक खाली असते. बांगड्यात प्रत्येक बाजूस साधारणतः असे पाच उपपर मोजता येतात. शेपटीचा देठ अत्यंत बारीक असून पुच्छपर चंद्रकोरीसारखा किंवा खोल दुभंगलेला असतो. बाजारात मासा ओळखावयाचा तर आधी उपपर पाहावेत.

देठाच्या दोन्ही अंगांस बारीक कणे असतात. बांगड्याच्या गटात ते दोनच असतात. सुरमई आणि कुपा यांच्यात या दोहोंच्या मध्ये आणखी एक मोठा कणा असतो, आणि बोटाने चाचपल्यास तो स्पष्ट लागतो. एवढ्या एका खुणेवरून कुलातील पोटविभाग हाती येतो.

सुरमई हे नाव बाजारात एकाहून अधिक जातींना देतात. मोठी सुरमई म्हणजे स्काँबेरोमोरस कॉमर्सन. तिच्या अंगावर उभ्या, नागमोडी पट्ट्या असतात आणि अंगाच्या कडेने जाणारी रेषा मागील पृष्ठपराच्या शेवटाजवळ एकदम खाली वळते. दुसरी, आकाराने लहान, स्काँबेरोमोरस गुटाटस. तिच्या अंगावर ठिपके असतात, आणि 'गुटाटस' याचा अर्थही ठिपकेदार असाच आहे. तुकडे करून विकलेल्या सुरमईत यांतील काहीच दिसत नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

कुपा, ज्याला काही ठिकाणी गेदर म्हणतात व इंग्रजीत ट्यूना, तो एक मासा नसून एक समूहच आहे. आपल्या किनाऱ्यावर नेहमी सापडणारा लहान कुपा म्हणजे युथिनस अफिनिस. लक्षद्वीपमध्ये गळ लावलेल्या काठीने पकडला जाणारा व सुकवून 'मास' करण्यासाठी वापरला जाणारा कात्सुवोनस पेलामिस. खोल समुद्रातील पिवळ्या पराचा थुनस अल्बाकारेस दोन मीटरपर्यंत वाढतो. अटलांटिक महासागरातील निळ्या पराचा कुपा तीन मीटरची लांबी गाठतो आणि सहाशे किलोग्रॅमच्या पुढे भरतो. तो आणि आपला वीतभर बांगडा एकाच कुलातील आहेत.

कुप्याविषयी एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. मासे शीतरक्ताचे, म्हणजे भोवतालच्या पाण्याइतक्याच तापमानाचे असतात, असे आपण शाळेत शिकवतो. कुपा त्यास अपवाद आहे. तो अखंड पोहत राहतो, कारण पोहणे थांबले की कल्ल्यांवरून पाणी वाहणे थांबते व श्वास कोंडतो. या सततच्या श्रमाने त्याच्या तांबड्या स्नायूंत उष्णता निर्माण होते. सामान्य माशाच्या शरीरात ही उष्णता रक्ताबरोबर कल्ल्यांत येऊन पाण्यात निघून जाते. कुप्यात मात्र स्नायूंतून परतणाऱ्या उष्ण रक्ताच्या केशवाहिन्या आणि कल्ल्यांकडून येणाऱ्या थंड रक्ताच्या केशवाहिन्या एकमेकींस चिकटून उलट दिशांनी जातात. उष्ण रक्त जाता जाता आपली ऊब थंड रक्ताला देऊन टाकते, आणि ती शरीरातच राहते. त्यामुळे मोठ्या कुप्याचे स्नायू भोवतालच्या पाण्यापेक्षा कित्येक अंशांनी उष्ण असतात. कुप्याचे मांस बांगड्याहून अधिक लाल का दिसते, याचेही कारण हेच सततचे पोहणे होय.

नातेवाईक कोण?

लिनीयसने स्काँबर या वंशात बांगड्याचा युरोपीय भाऊबंद घातला, निळ्या पराचा कुपा घातला, आणि ज्याला इंग्रजीत हॉर्स मॅकरेल म्हणतात तो मासाही घातला. हा शेवटचा पुढे कॅरँजिडी या निराळ्या कुलात गेला. नाव मॅकरेल, पण कुल वेगळे. आपल्याकडील काळा हलवा हे असेच उदाहरण. १७९५ मध्ये त्याचे नामकरण झाले ते पापलेटाच्या वंशात, आणि इंग्रजीत तो आजही काळा पॉम्फ्रेटच आहे. वस्तुतः तो पापलेट नव्हे. तो हॉर्स मॅकरेलच्या कुलातील आहे.

विसाव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत बांगड्याचे कुल पर्सिफॉर्मिस या अवाढव्य गणात घालीत, आणि तलवारीसारखी चोच असलेल्या तलवार माशास त्याचा जवळचा आप्त समजत. आकार सारखा, वेग सारखा, खोल समुद्रातील संचार सारखा, मग नाते असणारच असा तर्क होता. अलीकडील काळात गुणसूत्रांतील द्रव्याची तुलना करणे शक्य झाले आणि हा तर्क टिकला नाही. तलवार मासा हलव्याच्या व तळाशी लोळणाऱ्या चपट्या लेपाच्या बाजूस गेला. उलट २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात बांगड्याच्या कुलाशेजारी पापलेटाचे आणि वाकटीचे कुल आले. थाळीसारखा पापलेट, पट्ट्यासारखी वाकटी आणि चातीसारखा बांगडा एका मुळातील असावेत, हे डोळ्यांना पटणारे नाही. पण पुरावा तसा आहे. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी डायनोसॉरांसह असंख्य जीव नष्ट झाले, त्यानंतर मोकळ्या झालेल्या समुद्रात या समूहाचा विस्तार झाला असावा, असे संशोधकांचे अनुमान आहे.

पापलेटासंबंधी आणखी एक गोष्ट. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये रुपेरी पापलेटास राज्य मासा म्हणून घोषित केले. जुन्या ग्रंथांत त्याचे नाव पँपस अर्जेंटियस असे दिले जाते. जनुकीय अभ्यासानंतर मात्र भारतीय किनाऱ्यावरील हा मासा पँपस कँडिडस या जातीचा असल्याचे मत शास्त्रज्ञांनी मांडले आहे. राज्य माशाची माहिती वर्गात सांगणाऱ्या शिक्षकांना दोन्ही नावे माहीत असावीत.

आपल्या तलावांतील रोहू, कटला व मृगळ यांचे या सर्वांशी नाते फार दूरचे आहे. त्यांचा गण सायप्रिनिफॉर्मिस. त्यांच्या वाताशयापासून कानापर्यंत लहान हाडांची एक साखळी असते व तिच्या योगे पाण्यातील आवाज त्यांना चांगला कळतो. बांगड्यात अशी साखळी नाही.

नाव चुकले तर काय होते

वर्गीकरणाचा प्रश्न दप्तरात कसा येतो ते आता पाहू. लहान माशांची बेसुमार पकड थांबावी म्हणून राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. रुपेरी पापलेटासाठी ती १३५ मिलिमीटर आहे. प्रत्येक जाती वेगवेगळ्या लांबीची झाल्यावर प्रजननक्षम होते. त्यामुळे हा नियम 'मासा' या सर्वसाधारण शब्दावर चालू शकत नाही, त्याला जातीच सांगावी लागते.

मराठवाड्यात याहून जवळचा प्रश्न रूपचंदचा आहे. ताज्या पाण्यातील 'पापलेट' म्हणून हा मासा विकला जातो. त्याचा आकार पापलेटासारखा गोलसर असतो खरा, पण तो मूळचा दक्षिण अमेरिकेतील, पिरान्याच्या आप्तवर्गातील मासा आहे. त्याचे तोंड उघडले की दाढांसारखे मजबूत दात दिसतात. पापलेटाचे दात अगदी बारीक असतात. रूपचंद खाण्यास अयोग्य आहे असे नाही. आक्षेप आहे तो पापलेटाच्या नावाला आणि त्या नावामुळे मागितल्या जाणाऱ्या भावाला.

ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत तलाव आहेत त्यांच्या सदस्यांना मत्स्यबीज खरेदीच्या वेळी हे ज्ञान विशेष उपयोगी पडेल. मत्स्यजिऱ्याच्या अवस्थेत जाती ओळखणे सामान्य माणसाला शक्य नाही. बोटुकली झाल्यावर मात्र डोके, तोंड व मिशा पाहून पुष्कळ अंदाज येतो. मांगूर मागविला आणि संवर्धनास बंदी असलेला थाई मांगूर आला, तर तलावातील इतर मासे तो फस्त करतो आणि कायद्याचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. देयकावर नुसते 'मत्स्यबीज' असे न लिहिता जातीचे नाव लिहून घ्यावे. शंका असल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाचा किंवा उदगीर येथील मत्स्यविज्ञान महाविद्यालयाचा सल्ला घेता येईल.

कुल आणि आरोग्य

समुद्रापासून दूर राहणाऱ्या लोकांनी स्काँब्रिडी हे नाव लक्षात ठेवावे, याचे सर्वांत महत्त्वाचे कारण शेवटी सांगावयाचे आहे. या कुलातील माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल विपुल असते. मासा जिवंत असताना किंवा ताजा असताना त्यापासून काही अपाय नाही. परंतु मासा उबेत राहिला की काही जीवाणू या हिस्टिडीनचे रूपांतर हिस्टामीनमध्ये करतात. असा मासा खाल्ल्यानंतर काही मिनिटांत ते काही तासांत चेहरा व मान लाल होणे, डोके दुखणे, अंगास खाज व गांधी येणे, मळमळ, जुलाब, छातीत धडधड अशी लक्षणे दिसतात. या विषबाधेला वैद्यकशास्त्रात या कुलाच्याच नावावरून स्काँब्रॉइड विषबाधा म्हणतात. तारलीसारख्या दुसऱ्या कुलांतील काही माशांमुळेही ती होऊ शकते.

यात दोन गोष्टी घातक आहेत. एक म्हणजे हिस्टामीन शिजवून, तळून किंवा सुकवून नष्ट होत नाही. 'चांगला उकळला की झाले' हा समज मटणाच्या रश्श्याबाबत ठीक असेल, येथे तो चालत नाही. दुसरी गोष्ट अशी की हिस्टामीन वाढलेला मासा नेहमी कुजका दिसतोच असे नाही. त्याला कधी तिखट, मिऱ्यासारखी चव लागते, कधी काहीच लागत नाही. म्हणून उपाय एकच, आणि तो मासा पकडल्यापासून चुलीपर्यंत त्यास बर्फात ठेवण्याचा. तापमान चार अंश सेल्सियसच्या वर जाऊ देऊ नये. वाटेत बर्फ वितळून मासा उबला आणि नंतर पुन्हा बर्फात घातला, तर तयार झालेले हिस्टामीन कमी होत नाही. किनाऱ्यापासून नांदेड-लातूरपर्यंतचा प्रवास आणि मार्च ते जून या महिन्यांतील येथील उन्हाळा लक्षात घेता बांगडा, सुरमई व कुपा यांची खरेदी करताना मासा बर्फावर ठेवला आहे की बर्फात पुरला आहे, हे पाहणे आवश्यक आहे. उघड्या टोपलीतील बांगडा दुपारी स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

ही विषबाधा मासे सोसत नसल्याचा प्रकार समजून सोडून दिली जाते. एकाच पंगतीतील अनेकांना एकाच वेळी ती झाली तर मात्र तशी शंका घेण्यास जागा राहत नाही. अशा प्रसंगी रुग्णास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे आणि डॉक्टरांना कोणता मासा खाल्ला ते नावाने सांगावे. नाव माहीत नसेल तर शेपटीजवळ उपपरांची रांग होती काय, एवढे तरी सांगावे. शिल्लक राहिलेला मासा, कच्चा असो वा शिजविलेला, टाकून न देता बर्फात ठेवावा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनास तपासणीसाठी नमुना मिळू शकेल.